तीन भेटी झाल्या, तरी 'तुम्ही' काही सुटत नाही

फलाट दहा, ठाणे

नमस्कार. मी एकतीस वर्षांचा असून ठाण्यात पाचपाखाडीला राहतो आणि ऐरोलीतील एका कंपनीत नोकरी करतो. प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु गेले पाच आठवडे मी त्यावर जितका विचार केला, तितका घराचे कर्ज घेतानाही केला नव्हता.

फेब्रुवारीत मी एका मित्राच्या गटाबरोबर ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीतले फ्लेमिंगो पाहायला गेलो होतो. तिथली बोट भरती-ओहोटी पाहून सुटते आणि आमच्या गटप्रमुखाने वेळापत्रक चुकीचे वाचल्यामुळे आम्ही पाऊण तास आधीच तिथे जाऊन उभे राहिलो. त्या पाऊण तासात मित्राने ज्यांची ओळख 'ही आमच्या ताईची मैत्रीण' अशी करून दिली, त्या नेरुळला राहतात, बँकेत काम करतात आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत. ताईची मैत्रीण म्हटल्यावर तोंडातून 'तुम्ही' आपोआप निघाले. त्यांच्याही तोंडून तेच निघाले, आणि तेव्हापासून आम्ही दोघे तिथेच अडकून पडलो आहोत.

त्यानंतर आम्ही तीनदा भेटलो. एकदा वाशीला सागर विहारपाशी चहा घेतला आणि खाडीकाठी फिरलो. दुसऱ्यांदा विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटक पाहिले. नाटकाचा मोठा फायदा असा, की अडीच तास शेजारी बसूनही बोलावे लागत नाही आणि मध्यंतरात बटाटावडा खाताना बोलायला नाटकच असते. तिसऱ्यांदा त्या ठाण्याला आल्या, तेव्हा तलावपाळीला फेरी मारून आम्ही मामलेदारची मिसळ खायला गेलो. पैशांचे अवघडलेपण आमच्यात मुळीच आले नाही: चहाचे मी दिले, नाटकाची तिकिटे त्यांनी काढली, मिसळीचे यूपीआयवर निम्मे-निम्मे झाले.

अडचण आहे ती सर्वनामाची. 'तुम्ही' म्हणवत नाही, कारण तीन भेटींनंतर ते फार लांबचे वाटते. 'तू' म्हणवत नाही, कारण ते आगाऊपणाचे वाटेल अशी भीती आहे. त्यामुळे मी गेले काही आठवडे कर्त्याशिवाय मराठी बोलत आहे. 'जेवण झालं का?', 'यायला किती वेळ लागेल?', 'नाटक आवडलं का?', 'तिकीट काढलं का?' अशी वाक्ये मी घरातून निघतानाच तयार करून ठेवतो. मिसळ खाताना त्यांना जोराचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, आणि समोरच्या कोणत्याही माणसाने अशा वेळी 'पाणी घे' किंवा 'पाणी घ्या' म्हटले असते. मी पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि 'पाणी आहे' असे म्हणालो. त्यांनी ठसक्यातूनच माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला अजून विसरता येत नाही. पाणी आहे हे त्यांनाही दिसत होते.

त्या रात्री त्यांचा संदेश आला: 'आपलं बोटीत बसायचं राहिलंच.' तलावपाळीच्या बोटींविषयी हे होते, कारण रांग पाहून आम्ही तो बेत सोडला होता. हे 'आपलं' म्हणजे आपल्या दोघांचे, की आदराने 'आपण' म्हणतात त्यातले, हे मला ठरवता आलेले नाही.

एका मित्राने सुचवले, की सरळ हिंदीत बोलावे. तिथे तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत, म्हणजे आगीतून फुफाट्यात. इंग्रजीत प्रश्न सुटेल; परंतु आमचे सगळे बोलणे आजवर मराठीत झाले आहे आणि मला त्यांच्याशी मराठीतच बोलायला आवडते.

तर 'तुम्ही'वरून 'तू'वर कसे यावे? स्पष्ट विचारावे, की न विचारता एखाद्या वाक्यात हळूच घालून पाहावे? आणि त्या वयाने मोठ्या असताना हे मी सुचवणे बरे दिसेल का?

खारघरची खिडकी

विचारा, आणि उशीर करू नका. मी दुसऱ्या बाजूला होते, म्हणून सांगते.

चार वर्षांपूर्वी मी एका मुलाला भेटत होते. खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये आम्ही जवळजवळ प्रत्येक शनिवारी संध्याकाळी चालायचो आणि तो मला सलग चार महिने 'तुम्ही' म्हणत राहिला. मी त्याच्यापेक्षा लहान होते. पहिल्या महिन्यात मला वाटले, की मुलगा सभ्य आहे. दुसऱ्या महिन्यात वाटले, की तो लाजाळू आहे. तिसऱ्या महिन्यात मी आरशात पाहून स्वतःला विचारले, की मी याला काकू दिसते की काय. चौथ्या महिन्यात मी भेटणे कमी केले, कारण ज्याला माझ्याविषयी काही वाटत असेल, तो मला शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखे का संबोधील, असा माझा सरळ हिशोब होता. पुढे वर्षभराने समजले, की 'तू' म्हटलेले मला आवडणार नाही या भीतीने त्याला घाम फुटत असे. आता त्याचे लग्न झाले आहे. बायकोला तो काय म्हणतो, हे मी विचारलेले नाही.

याच्या उलट टोकाचाही अनुभव सांगते, म्हणजे तुम्ही घाईघाईने दुसरी चूक करणार नाही. एका गृहस्थांनी पहिल्याच भेटीत, खुर्चीवर बसता बसता, 'अगं, तू काय घेणार?' असे विचारले. 'तू' मी सोडून दिले असते. 'अगं' मात्र सोडता आले नाही. 'तू' ओळखीतले असू शकते, कॉलेजातले असू शकते. 'अगं' हे घरातले आहे, ते मिळवावे लागते. मेट्रो चुकेल असे सांगून मी वीस मिनिटांत निघाले, आणि तेव्हा रात्रीचे आठही वाजले नव्हते.

तेव्हा 'तू'ची परवानगी मागा, 'अगं'ला अजून वेळ आहे. विचारायचे ते समोर बसून. व्हॉट्सॲपवर नको, कारण उत्तर यायला दहा मिनिटे लागली तरी तुम्ही त्यातून काहीतरी अर्थ काढत बसाल. आणि स्टेशनवर निरोप घेतानाही नको. लोकल समोर आलेली असताना कोणतीही बाई घाईने 'हो हो' म्हणेल आणि त्याचा अर्थ दोघांनाही कळणार नाही.

एक निरीक्षण नोंदवते. तुम्ही आमच्यासमोरही त्यांचा उल्लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत 'त्या' असाच केला आहे. इथे त्या ऐकत नाहीत.

पारसिकचा बोगदा

मला हा प्रश्नच मान्य नाही. 'तू' की 'तुम्ही' हा या गोष्टीचा चेहरा आहे. खरा प्रश्न असा, की या ज्या भेटी चालल्या आहेत, त्यांना काय म्हणायचे हे तुमचे ठरले आहे का. चहा, नाटक आणि मिसळ या तिन्ही गोष्टी मी माझ्या मावसभावाबरोबरही करतो.

हे कुचकटपणाने लिहीत नाही, पोळलेला आहे म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका परिचित बाई घोडबंदर रोडला घर शोधत होत्या आणि मला त्या भागाची माहिती असल्यामुळे मी त्यांच्याबरोबर फिरू लागलो. सात रविवार आम्ही बांधकामे पाहत हिंडलो. दर रविवारी घर पाहून झाले, की कुठेतरी जेवत असू. सॅम्पल फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून त्या 'इथे ओटा लहान वाटतो, नाही?' असे मला विचारत, आणि मी मनातल्या मनात त्या ओट्यावर आमचा मिक्सर ठेवून पाहत असे. मी त्यांना 'अहो' म्हणत होतो, त्या मला 'अहो' म्हणत होत्या, आणि त्या 'अहो'ला लग्न झालेल्या घरातला जो सूर असतो, तो मला त्यात ऐकू येऊ लागला होता. आठव्या रविवारी त्यांनी टोकन दिले. पुढे वास्तुशांतीला मला आग्रहाने बोलावले आणि पंक्तीत 'यांची फार मदत झाली' अशी सगळ्यांशी ओळख करून दिली. मी त्या दिवशी जिलबी वाढली.

त्या बाईंचा यात काडीचाही दोष नव्हता. मी कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी काही लपवले नाही. म्हणून म्हणतो, सर्वनामाच्या आडून वाकून पाहू नका. 'आपण भेटतो, त्याला मी मैत्रीपेक्षा वेगळे समजतो; तुम्हाला तसे वाटते का?' हे वाक्य 'तुम्ही' ठेवूनही नीट बोलता येते.

फलाट दहा, ठाणे

दोघांचेही आभार. बोगदा यांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की नाही, ठरलेले नाही. दोन्ही घरी आम्ही 'मित्रमंडळींबरोबर जातो' असेच सांगितले आहे. माझी आई पहिल्या वेळी काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी मी शर्टाला इस्त्री करताना पाहून तिने 'मंडळी किती जण आहेत?' असे विचारले. मी चार म्हणालो.

'त्या'विषयीचे निरीक्षण वाचून मी माझा प्रश्न पुन्हा वाचला. बदलून पाहिले. हाताला जमत नाही.

खाडीकाठ, कोपरखैरणे गाव

मला हे सगळे वाचून जरा हसू येते आहे, कारण आम्ही आगरी. आमच्या घरात 'तुम्ही' हा शब्द पाहुण्यांसाठी आणि सरकारी कचेरीसाठी राखून ठेवलेला होता. मी वडिलांना 'तू' म्हणते, आजीला म्हणत होते, मोठ्या काकांनाही म्हणते, आणि त्यात कोणाला काही कमी पडल्यासारखे कधी वाटले नाही.

माझा नवरा साताऱ्याकडचा. आम्ही एकाच कार्यालयात होतो. मी त्याला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणत होते, आणि तो बिचारा दोन महिने असे समजून चालला होता, की मी त्याच्याशी फारच मोकळी झाले आहे. मी चहावाल्यालाही 'तू' म्हणते आणि साहेबांनाही चुकून दोनदा म्हटले होते, हे त्याच्या नंतर लक्षात आले. तो घरी आला तेव्हा वडिलांना 'तुम्ही कसे आहात?' म्हणाला, तर वडिलांनी मागे वळून पाहिले, की आपल्याबरोबर आणखी कोण आले आहे. उलट मी सासरी पहिल्यांदा गेले आणि सासूबाईंना 'तू बस, मी करते' म्हणाले, तेव्हा स्वयंपाकघरात जी शांतता पसरली, ती मी कधी विसरणार नाही. मी मायेने म्हटले होते. त्यांनाही ते कळले, परंतु चारेक महिन्यांनी.

त्यामुळे 'अगं' मिळवावे लागते वगैरे जे वर लिहिले आहे, ते मला तितकेसे पटत नाही. शब्द कोणत्या घरातून येतो, त्यावर त्याचे वजन असते. नेरुळच्या त्या मूळच्या कुठल्या आहेत, त्यांच्या घरी आईवडील एकमेकांशी कसे बोलतात, हे तुम्हाला माहीत आहे का? तीन भेटींत एवढे तरी कळायला हवे होते. नसेल तर चौथ्या भेटीला विषय तयार आहे, आणि तो विषय काढला, की तुमचा प्रश्न त्यातून आपसूकच निघेल.

नौपाड्याचे मास्तर

तीस वर्षे मराठी शिकवले असल्यामुळे राहवत नाही. फलाट दहा यांनी जी पळवाट शोधली आहे, ती मराठीने स्वतःच बांधून ठेवलेली आहे, आणि ती कुठपर्यंत जाते हे त्यांना कळले, तर आपण अडखळतो कुठे हेही कळेल.

'नाटक आवडलं का?' या वाक्यात आवडणारे नाटक आहे, आणि ज्याला आवडले तो 'तुला' किंवा 'तुम्हाला' बनून बाजूला उभा असतो. त्याला गाळले तरी वाक्य उभे राहते. 'तिकीट काढलं का?' यात क्रियापद तिकिटाच्या मागे जाते, काढणाऱ्याच्या नव्हे. हा आपला कर्मणी प्रयोग. शाळेत मुले त्याला कंटाळतात, परंतु असल्या प्रसंगी तो केवढा आधार देतो, हे इथे दिसते. 'यायला किती वेळ लागेल?' यात तर वेळच कर्ता होऊन बसतो. अशा वाक्यांवर माणूस बरेच दिवस काढू शकतो. मी स्वतः नव्या सूनबाईंशी पहिले तीन आठवडे असेच काढले.

पळवाट संपते ती अकर्मक क्रियापदांपाशी. येणे, जाणे, बसणे, पोहोचणे, हसणे, थकणे यांच्या भूतकाळात लपता येत नाही. 'आलीस' किंवा 'आलात' यांपैकी एक निवडावेच लागते. आज्ञार्थात तर मुळीच सुटका नाही: 'घे' किंवा 'घ्या', मध्ये काही नाही. म्हणून मिसळीसमोर 'पाणी आहे' हे विधान जन्माला आले. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे.

आता 'आपलं बोटीत बसायचं राहिलंच' याविषयी. मराठीत 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हणताना तो आत येतो. ही सोय इंग्रजीत नाही आणि हिंदीच्या 'हम'मध्येही नाही. आदरार्थी 'आपण' वेगळे आहे हे खरे, आणि केवळ वाक्याच्या रूपावरून दोन्ही अर्थ निघू शकतात, हेही मान्य. परंतु बँकेत काम करणारी बाई आदरार्थी 'आपण' खिडकीपलीकडच्या खातेदाराला वापरते, रात्री घरी पोहोचल्यावर बोटीच्या संदर्भात वापरत नाही. शिवाय शेवटचा 'च' पाहा. खातेदाराला कोणी 'राहिलंच' म्हणत नाही.

दुपारची लोकल

मास्तरांचे ते शेवटचे वाक्य वाचून मी माझे जुने संदेश तपासायला घेतले आहेत. 'च' कुठेही सापडला नाही. चालू द्या.

घंटाळी ६१

सल्ला देण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, कारण माझे लग्न पाहून ठरले. परंतु ठरणे आणि होणे यांच्यामध्ये आम्हाला सात महिने मिळाले होते, आणि त्या सात महिन्यांतले अवघडलेपण तुमच्यापेक्षा वेगळे नव्हते, एवढे सांगावेसे वाटते.

हे १९९४ मधले. ती वाशीला राहत होती आणि मी इथे ठाण्यात. आज तुम्ही दहा नंबरवरून गाडीत बसता आणि अर्ध्या तासात वाशीला उतरता. ठाणे-वाशी ही प्रवासी लोकल २००४ मध्ये सुरू झाली, त्याआधी ती नव्हती. मी ठाण्याहून कुर्ल्याला जायचो, तिथे जिना चढून हार्बरच्या फलाटावर उतरायचो आणि मग वाशीची गाडी धरायचो. हार्बर लाइन खाडी ओलांडून वाशीला पोहोचून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. दीड तासाचा प्रवास करून मी तिथे पोहोचायचो, आणि मग आम्ही दोघे तिच्या धाकट्या भावाला मधे घेऊन खाडीकाठी चालायचो. भावाला शेंगदाणे घेऊन दिले, की तो दहा पावले पुढे जायचा. त्या दहा पावलांसाठी मी दीड तास येत होतो.

साखरपुडा झाल्यावर मी तिला 'अगं' म्हणू लागलो. कोणी सांगितले नव्हते. सगळे तसेच करतात म्हणून केले. ती मला 'अहो' म्हणू लागली आणि आजही तेच म्हणते. आमची मुलगी तिच्या नवऱ्याला नावाने हाक मारते, भांडण झाले तर 'गाढवा'ही म्हणते. गेल्या दिवाळीत जेवताना तिने आईला विचारले, 'तू बाबांना अजून अहो का म्हणतेस? तुला तू म्हणावंसं कधी वाटलं नाही?' मला वाटले होते, ही म्हणेल की सवय झाली. ती म्हणाली, 'वाटलं होतं पहिल्या वर्षी. पण ह्यांनी कधी विचारलंच नाही.' आणि तिने मुलीला चकली वाढली.

तीस वर्षे झाली. त्या रात्री मी तिला म्हणालो, की आता म्हण. ती म्हणाली, 'आता जीभ वळत नाही.'

खारघरची खिडकी

घंटाळी काका, हे वाचून थोडा वेळ काही सुचेना. फलाट दहा, तुम्ही अजून इथेच आहात का?

फलाट दहा, ठाणे

इथेच आहे. काल चौथी भेट झाली, म्हणून सविस्तर लिहितो. इतक्या जणांनी वेळ दिला, तर एवढे देणे लागतो.

या वेळी मी नेरुळला गेलो. संध्याकाळी आम्ही ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती चाललो. पहिली फेरी बँकेतल्या मार्चअखेरच्या कामाविषयी बोलण्यात गेली. दुसऱ्या फेरीला मी खाडीकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे घरच्या भाषेचा विषय काढला आणि आईवडील एकमेकांना काय म्हणतात ते विचारले. ते मूळचे रत्नागिरीजवळचे. वडील आईला नावाने हाक मारतात, आई वडिलांना कोणत्याच नावाने हाक मारत नाही, नुसती खोलीच्या दिशेने 'ऐकलं का?' म्हणते. मी म्हणालो, की मीही गेले दोन महिने तेच करतो आहे. हे वाक्य मी घरून तयार करून नेलेले नव्हते.

चालता चालता थांबणे झाले. मग मी सरळ विचारले, 'मी तू म्हटलं तर चालेल का?' त्यावर जे उत्तर आले, ते मला सर्वस्वी अनपेक्षित होते. वयाने दोन वर्षे मोठी असल्यामुळेच मी अंतर ठेवतो आहे, अशी तिची समजूत होती (आधी सवयीने 'त्यांची' लिहिले होते, ते आता बदलले), आणि म्हणून तीसुद्धा वाक्ये फिरवत होती. 'निघताना कळव' लिहिता येत नव्हते, म्हणून तिने मला दोनदा 'निघताना कळलं तर बरं' असे लिहिले होते. ते तेव्हा मला फार कोरडे वाटले होते आणि त्यावर मी एक संध्याकाळ खराब करून घेतली होती. 'पाणी आहे' हे तिला स्वच्छ आठवत होते. 'मला वाटलं, तुम्ही मला माहिती देताय,' असे ती म्हणाली आणि बराच वेळ हसली.

बोगदा यांच्या प्रश्नाचेही सांगतो. तो मी विचारणार होतो, परंतु त्याआधीच तिने सहज सांगितले, की तिने माझ्या मित्राच्या ताईला सांगितले आहे. काय सांगितले, असे मी विचारल्यावर 'तुम्हाला भेटते, असं' एवढेच ती म्हणाली. 'भेटले' नव्हे, 'भेटते'. त्या क्रियापदाचा काळ कोणता, हे मास्तरांनी सांगावे; मी मला हवा तो अर्थ घेतला आहे.

'तू'चा निकाल मात्र अर्धाच लागला. दिवसभर खातेदारांना 'तुम्ही' म्हणून तिची जीभ तिकडे वळलेली आहे आणि माझी तिच्यापुढे आजही अडखळते. शेवटी असे ठरले, की आधी तिने सुरुवात करायची, कारण ती मोठी आहे, आणि मला जमेल तेव्हा मी म्हणायचे, त्यासाठी मुदत नाही. निघेपर्यंत तिने एकदाही म्हटले नाही. मी दोनदा प्रयत्न केला. एकदा 'तू' आणि 'येता' एकाच वाक्यात आले.

परतीची गाडी तुर्भ्याच्या पुढे बराच वेळ उभी राहिली होती, त्यामुळे मी घरी पोहोचायची वेळ उलटून गेली तरी गाडीतच होतो. घणसोली सुटल्यावर फोन वाजला. 'पोहोचलास का?' असे लिहिले होते. मी रबाळे आणि ऐरोली जाईपर्यंत त्या 'स'कडे पाहत होतो. समोर बसलेल्या आजींनी शेवटी 'सगळं ठीक आहे ना, बाळा?' असे विचारले.

दिघ्याला मी 'अजून नाही' असे उत्तर पाठवले. मग आणखी एक वाक्य लिहिले, पुसले आणि पुन्हा लिहिले: 'तू जेवलीस का?' गाडी ठाण्याला दहा नंबरला लागली, तेव्हा उत्तर आलेले होते. पुढच्या रविवारी ती ठाण्याला येते आहे. बोटीची रांग संध्याकाळी मोठी असते, म्हणून सकाळीच यायचे ठरले आहे. तलावपाळीला सकाळी बोटी किती वाजल्यापासून सुरू होतात, हे कोणाला नक्की माहीत असल्यास कृपया सांगावे.